पंधरा हजारांचं कुलूप

गव्हाची चार पोती टेम्पोत चढली आणि चारही परत उतरली. चढवताना हमाल गप्प होता. उतरवताना म्हणाला, "बाई, आधी पैसं हायेत का बघत जावा की."

कुसुमनं पदरानं कपाळ पुसलं आणि मोबाइल पाचव्यांदा दुकानदारापुढं धरला. पुन्हा तेच. गोल फिरलं, फिरलं आणि लाल फुली आली.

"रेंज नसंल," ती म्हणाली.

"रेंज आहे ताई. तुमच्या मागचे तिघं पैसे देऊन गेले." दुकानदार तिला तीन वर्षं ओळखत होता. त्यानं आवाज चढवला नाही, पण पोतीही सोडली नाहीत. "संध्याकाळी या. माल बाजूला ठेवतो."

टेम्पोवाल्यानं रिकाम्या फेरीचे दोनशे मागितले. तेवढे तिच्याकडं होते. ते देऊन ती चाकणच्या उन्हातनं रस्त्याकडेनं चालत निघाली. एप्रिल अर्धा सरला होता. कंटेनर शेजारून गेले की धूळ नाकातोंडात जायची आणि चपलेखालचं डांबर मऊ लागायचं. कुरुळीपर्यंत येईस्तोवर तिनं मनात दहा वेळा हिशोब केला. पैसे होते. खात्यात दोन लाख सत्तर हजार होते. ते फोनवर दिसतही होते. फक्त हलत नव्हते.

कुरुळीत पत्र्याच्या लांबोळक्या खोलीत कुसुमची खानावळ होती. शिफ्टची पंचेचाळीस माणसं दोन्ही वेळा तिच्याकडं जेवत. परतूर तालुक्यातनं ती आणि नवनाथ सात वर्षांपूर्वी इकडं आले, तेव्हा नवनाथ प्रेसशॉपमध्ये लागला. पत्रा दाबून आकार देणारी दोनशे टनी प्रेस. हात आत गेला की मशीन आपोआप थांबावं म्हणून तिला सेन्सर असतो. सुपरवायझरनं तो बंद करून ठेवला होता, कारण सेन्सर चालू असला की तासाला चाळीस नग कमी निघतात. गेल्या भाद्रपदात नवनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. ज्याच्यामार्फत तो कामाला होता त्या जयसिंग ठेकेदारानं तडजोड केली, दोन लाख चाळीस हजारांची. तडजोडीच्या कागदावर लिहिलं होतं की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणानं झाला. सेन्सरचं त्यावर काही नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर नवनाथनं त्या कागदाला डावा अंगठा लावला. त्याला दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नव्हता.

ते दोन लाख चाळीस हजार त्याच, नवनाथच्या नावाच्या खात्यात होते. आणि खानावळीच्या भिंतीवर चिकटवलेला पैसे घ्यायचा कोडही त्याच खात्याचा होता. वेगळं खातं काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"काय झालं? गहू कुठंय?" नवनाथनं विचारलं. तो डाव्या हातानं कांदा चिरत होता. आता त्याला ते बऱ्यापैकी जमायचं.

"खातं चालंना."

"काहून?"

"मला काय ठाऊक? बँकेत जाते. भाजी उतरवा, लागंल खाली."

*

बँकेत गारवा होता, पण रांगेत दीड तास उभं राहिल्यावर गारवाही टोचायला लागतो. काउंटरमागं रश्मी मॅडम होत्या, तिशीच्या, गळ्यात बँकेचं कार्ड. त्यांनी खाते क्रमांक टाकला, स्क्रीनकडं पाहिलं आणि कुसुमकडं न बघता म्हणाल्या, "खातं फ्रीझ आहे. सायबरची केस आहे."

"म्हंजी?"

"फ्रॉडचे पैसे आलेत तुमच्या खात्यात. पंधरा हजार. पोलिसांकडून आलंय. सिस्टीमनं ब्लॉक केलंय, आम्ही काही करू शकत नाही. नेक्स्ट."

मागच्या माणसानं अर्धं पाऊल मागं घेतलं. कुसुमला ते दिसलं नाही, जाणवलं. रांगेत तिच्या खानावळीत जेवणारे दोघं होते. एकानं मान मोबाइलमध्ये घातली. फ्रॉड हा शब्द कुरुळीत तिच्या आधी पोचला.

दुसऱ्या दिवशी जेवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कोडवर पैसे टाकले नाहीत. तिच्या खात्यावर टाकले तर आपलंही खातं बंद पडेल, असं कुणीतरी उठवलं होतं. काहींनी रोख दिली. काही नुसतंच "नंतर देतो ताई" म्हणून गेले. सहा जणांनी पुढच्या गल्लीतली खानावळ धरली. त्यांतल्या एकाला गेल्या पावसाळ्यात काविळीत तिनं वीस दिवस बिनतेलाचं वेगळं शिजवून घातलं होतं. त्याचा तिनं राग धरला नाही, असं मी म्हणणार नाही. चांगला धरला.

बँकेत पंधरा हजार म्हटल्याबरोबर तिला एक वेगळाच माणूस आठवला होता.

कुरुळीत एटीएम दोन. एक कायम बिघडलेलं आणि दुसरं पगाराच्या दिवशी तासाभरात रिकामं होणारं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी गावाकडं निघणाऱ्यांना रोख लागायची. कुसुमकडं रोख असायची, कारण हमाल आणि बिगारी जेवणाचे पैसे नोटांनीच देत. मग माणसं तिच्या कोडवर पैसे टाकत आणि डब्यातली रोख घेऊन एसटी पकडत. नाक्यावरचा मोबाइलवाला ह्याच कामाचे हजारामागं वीस रुपये घेई. कुसुम काही घेत नसे. "गावाकडं चाललेल्या माणसाकडून पैशावर पैसं काय घ्यायचं?" म्हणायची.

तोही बुधवारीच आला होता. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, गळ्यात कार्डाची पट्टी, कार्ड खिशात. "मावशी, मी मंठ्याचा. आईला संभाजीनगरला घाटी दवाखान्यात टाकलंय. सगळीकडची एटीएम बंद पडायलीत, काहून कुणास ठाऊक." मंठा म्हणजे तिच्या शेजारचा तालुका. बोलणं तिच्या माहेरच्या आळीतलं. तिनं बाजार कोणत्या वाराला भरतो ते सहज विचारलं, तेही त्यानं बरोबर सांगितलं. तिनं कार्ड बघितलं नाही. बोली ऐकली आणि डबा उघडला. त्यानं कोडवर पंधरा हजार टाकले, फोन वाजला, त्यानं रक्कम बोलून दाखवली. तिनं पंधरा हजार मोजून दिले. जेवायला वाढलं, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि निघताना वाटेला तीन भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

चोराला तिनं शिदोरी दिली होती. हे तिनं नवनाथला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाला, "ठेचा तरी तिखट होता का?"

ती रडायच्या बेतात होती. हसली.

*

खरी धास्ती वेगळीच होती. भिवाबाबा आपली पिठाची गिरणी विकत होते.

गल्लीच्या तोंडाला भिवाबाबांची गिरणी. तीस वर्षांचं पीठ त्यांच्या छातीत बसलं होतं. गुडघे गेले होते. ते भामेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावी परतणार होते आणि दोन लाख वीस हजारांत जागेच्या करारासकट गिरणी देणार होते. प्रेसवर नवनाथला आता कुणी उभं करत नव्हतं. वॉचमनच्या कामाला गेला तर हात बघून "कळवतो" म्हणत. पण गिरणीचं धान्य ओतायला, पट्टा चढवायला, पीठ भरायला एक धड हात आणि एक अर्धा हात पुरतो. भिवाबाबांनी त्याला आठवडाभर बसवून शिकवलंही होतं. संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायचा तेव्हा तो पुन्हा पूर्वीसारखा बडबडायचा.

"म्या अखजीपातूर थांबतो," भिवाबाबा म्हणाले. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी जाऊ दिली. "निघोज्याचा येक जण दोन चाळीस द्यायला तयार हाय. त्याला न्हाई म्हनलो न्हाई अजून. पर तुमास्नी शबुद दिलाय. अखजी झाली की माझा इलाज न्हाई. गाडी सांगून ठिवलीय."

"देतो बाबा," नवनाथ म्हणाला. "खातं उघडलं की त्याच दिवशी."

"उघडंल का पर?"

अक्षय्य तृतीयेला एकवीस दिवस होते.

कुसुम बँकेत तीनदा गेली. तीनदा रश्मी मॅडमनी सिस्टीमचं नाव सांगितलं. सिस्टीम कुठं बसते, तिला भेटता येईल का, असं तिसऱ्या वेळी कुसुमनं विचारलं. मॅडमना वाटलं ती टोमणा मारतेय. ती खरंच विचारत होती. चौदा दिवस गेले. गहू उधारीवर, दोन पोती. गॅसची टाकी शेजारणीकडून.

तेव्हा शौकत आला. शौकतचं दोन गाळे सोडून मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची आणि नवीन भरायची. बोटांची पेरं वार्निशनं कायमची पिवळी. तो दुपारच्या जेवणाला आला, ताट बाजूला सारलं आणि एक फुगलेली प्लास्टिकची फाइल तिच्यापुढं आपटली.

"बँकेत जाऊन काय करता ताई तुम्ही?"

"इनंती करते."

"तेच चुकतंय. विनंती अजिबात करायची नाही. कागद मागायचा. माझं खातं अकरा महिने बंद होतं. किती रुपयांसाठी माहितीय? बावीसशे. कुणी एकानं पंखा भरून घेतला, चोरीच्या पैशातनं बिल दिलं. मी काय पंख्याला विचारू का, तुझा मालक कोण म्हणून?" त्यानं फाइल उघडली. "अकरा महिन्यांत मी हे शिकलो. तक्रार नंबर मागायचा. कोणत्या पोलिसांनी कळवलं ते मागायचं. आणि त्यांनी नेमकं काय कळवलं, ते शब्द मागायचे. तोंडी काही घ्यायचं नाही."

"त्या मॅडम लई चिडतात."

"चिडू देत. तुमचा नवरा बोटं जाऊनही कुणावर चिडला नाही, काय मिळालं त्याला? उद्या दुकान बंद ठेवतो. मी येतो."

"तुझा धंदा, शौकतभाऊ?"

"मोटारी जळलेल्याच आहेत. एक दिवसानं जास्त जळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो काउंटरला टेकून उभा राहिला आणि आवाज न चढवता चाळीस मिनिटं तिथनं हलला नाही. मागच्या लोकांनी शिव्या घातल्या. शेवटी रश्मी मॅडमनी एका स्लिपच्या पाठीवर तक्रार नंबर आणि सायबर पोलिसांचं ऑफिस लिहून दिलं. "किती रक्कम, काय, ते तिकडंच विचारा. ई-मेल आमच्या हेड ऑफिसला जातो." शौकतनं स्लिप दोन बोटांत धरून फुंकर मारली आणि फाइलमध्ये अशी ठेवली, जणू तावीजच.

*

अखजी रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी खानावळ अर्धा दिवस बंद ठेवून तिघं बसनं शहरात गेले. पोलिसांच्या दारात जायचं म्हणून कुसुमनं लग्नातली साडी नेसली होती. नवनाथनं उजव्या हाताला रुमाल गुंडाळला होता. बाहेर जाताना तो नेहमी गुंडाळायचा.

हवालदार पन्नाशीचे होते. टेबलावर फायलींची चळत, तिच्यावर चहाचा कप. त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये अडवलं नाही. कुसुम भाकरीपर्यंत आली तेव्हा त्यांनी कप बाजूला ठेवला.

"भाकरी बांधून दिल्या?"

"तीन."

"लिहून घेतो," ते म्हणाले आणि खरंच लिहिलं. मग कॉम्प्युटरकडं वळले. "बाई, घाबरू नका. चोराच्या खात्यात पैसे टिकत नाहीत, दहा मिनिटांत पुढं जातात. तुमच्या खात्यात अडीच लाख तसेच पडून आहेत. तुम्ही चोर असता तर हे दिसलंच नसतं. पण मला एक सांगा, अख्खं खातं बंद आहे?"

"अख्खं."

"अख्खं कसं?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आम्ही फक्त पंधरा हजार थांबवायला कळवलं होतं. बाकीची रक्कम वापरू द्यावी, असं स्पष्ट लिहिलंय. हे बघा." त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिला वाचायला वेळ लागला. पंधरा हजार, अक्षरी आणि अंकी. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

म्हणजे सिस्टीम वगैरे काही नव्हतं. ओळीचा उरलेला अर्धा भाग कुणी वाचलाच नव्हता. त्यावर चौदा, पंधरा, वीस दिवस गेले, सहा गिऱ्हाइकं गेली, चार पोती उतरली, आणि नवरा रात्री छताकडं बघत पडून राहायला लागला. अर्धी ओळ वाचायचा पगार मिळतो माणसाला, आणि तो ती वाचत नाही.

शौकतनं "साहेब, ह्याची प्रत, शिक्का मारून," एवढंच म्हटलं.

"देतो. तुमचा जबाबही जोडतो," हवालदार म्हणाले. प्रिंटर कुरकुरत होता तेव्हा त्यांनी दाराकडं हात केला. "बाहेर बाकावर बसलेत ना, टोपीवाले, ते बबनराव. रहाटणीचे. त्यांचेच पैसे. दर गुरुवारी येतात विचारायला. बोलायचं तर बोला, नाही तर मागल्या दारानं जा. तुमची मर्जी."

नवनाथ मागच्या दाराकडं बघत होता. कुसुम पुढच्या दारानं गेली.

बबनराव सत्तरीचे, ताठ बसलेले, मांडीवर कापडी पिशवी. बाह्या वर केलेल्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे डाग होते, तापल्या लोखंडाच्या थेंबांचे. फौंड्रीत राबलेल्या माणसाचे हात असतात तसे. कुसुम त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं प्रस्तावना केली नाही.

"काका, तुमचे पंधरा हजार माझ्या खात्यात आलेत. म्या त्या माणसाला रोख दिले. माझ्या हातानं."

बबनरावांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "समदे असंच म्हनत्यात. आमाला काय ठावं न्हवतं."

"म्हणत असतील. मला सुदिक ठाऊक नव्हतं."

"गॅस तुटंल म्हनून मेसेज आला. लिंक दाबली. अकरा मिंटात येक लाख पंच्याऐंशी हजार. बत्तीस वर्सं मोल्डिंगला उभा हुतो मी, बाई. बत्तीस वर्सं. अकरा मिंटं." ते थांबले. नवनाथ मागं येऊन उभा होता आणि रुमाल सुटून खाली लोंबत होता. बबनरावांची नजर त्या हातावर गेली. आवाज बदलला. "प्रेस का?"

"हाव. दोनशे टनी."

"सेन्सर?"

"बंद होता."

"असनारच," बबनराव म्हणाले. त्यांनी बाकावर सरकून जागा केली. नवनाथ बसला. काही वेळ दोघं कंपनीचंच बोलले, कुठल्या शेडमध्ये, कुठला सुपरवायझर, भट्टीजवळ उन्हाळ्यात गूळ देत का. कुसुम आणि शौकत उभेच होते.

मग बबनराव म्हणाले, "म्हंजी तुमचे पंधरा गेले."

"गेले."

"माजे बी गेले. आन् बँकेत पंधरा हायेत. येकाचेच मागारी येनार."

"तुमचे घ्या," कुसुम म्हणाली.

"का?"

"तुमचे न विचारता नेले. म्या माझे डबा उघडून दिले."

नवनाथनं वर पाहिलं. पंधरा हजार म्हणजे खानावळीचा महिनाभराचा गहू आणि गॅस. पण त्यानं मान डोलावली. आणि ज्यानं दोघांनाही लुटलं तो कुठंतरी तिसऱ्याच गावात तिसऱ्याच तालुक्याची बोली बोलत असेल, आणि इथं लुटलेली दोन माणसं उरलेलं तू घे, तू घे करत बसली होती.

बबनरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बँकेत कवा जानार?"

"उद्या."

"मी बी येतो. माजे पंधरा हजार कुटं बसल्यात ते बघू दे मला."

*

शुक्रवारी सकाळी दहाच्या बसनं ते खरोखर आले. कुरुळी फाट्यावर उतरून विचारत विचारत बँकेपर्यंत चालले. शर्ट पाठीला चिकटला होता.

रश्मी मॅडमनी शिक्क्याचं पत्र घेतलं. पहिल्यांदा वरवर बघितलं. मग नीट. मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी उघडलं आणि पत्र स्क्रीनशेजारी धरून ओळीवर बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं. कुसुम त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. मॅडमचे कान लाल झाले.

"हे आधीच आलं होतं," त्या म्हणाल्या. मग पत्र खाली ठेवून, "चूक आमची आहे. पंधरा हजारच होल्ड करायचे होते. पूर्ण खातं बंद करायला नको होतं."

कुसुमनं भांडायची वाक्यं घरून पाठ करून आणली होती. ती सगळी वाया गेली. बँकेत काउंटरच्या पलीकडून 'चूक आमची' असं कुणी म्हणतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला त्या बाईचा राग यायला हवा होता आणि वाटले ते उपकार. ह्याची तिला चीडही आली.

"मी आजच करते," मॅडम म्हणाल्या. "हा फॉर्म. खातेदाराची सही."

नवनाथनं डाव्या हातानं पेन धरलं. जीभ दातांत धरून पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढलं. मॅडमनी ते स्क्रीनवरच्या जुन्या सहीशी ताडून बघितलं. हळू म्हणाल्या, "मॅच होत नाहीये."

"कशी होणार?" शौकत म्हणाला. "ती सही मशीननं खाल्ली."

मॅडमनी स्क्रीन जरा वळवली. नवनाथनं वाकून पाहिलं. सात वर्षांपूर्वीची त्याची सही. एका झटक्यात मारलेली, खाली लांब ओढलेली रेघ आणि तिच्यावर दोन ठिपके. त्यानं ती पुष्कळ वेळ पाहिली.

"लई भारी सही होती राव माझी," तो म्हणाला.

मग मॅडमनी खण उघडून शाईचा पॅड काढला. "डावा अंगठा चालेल. पण दोन साक्षीदार लागतील, ह्याच बँकेचे खातेदार, तुम्हाला ओळखणारे. मला मॅनेजरना दाखवावं लागतं."

"एक मी," शौकत म्हणाला. त्यानं सही केली आणि खाते क्रमांक तोंडपाठ लिहिला. अकरा महिन्यांत तो पाठच झाला होता.

"दुसरं?"

रांगेत चौदा-पंधरा माणसं होती. त्यातल्या चौघांनी कुसुमच्या हातचं खाल्लं होतं. एक जण भिंतीवरचं व्याजाचं पत्रक वाचायला लागला. कुसुमनं एकेकाकडं पाहिलं. विनंती करायची नाही, असं शौकतनं शिकवलं होतं. तिनं केली नाही.

"आणा इकडं," बबनराव म्हणाले.

"काका, तुमचं खातं?"

"तुमच्याच बँकेत. रहाटणीच्या शाखेत. त्यातनंच तर गेलं समदं."

मॅडम गोंधळल्या. "पण तक्रारदार तुम्ही आहात ना? ह्यांच्याविरुद्ध?"

"ह्यांच्याविरुद्ध कुठं? त्या चोराविरुद्ध. आन् ओळखनारा पायजे म्हनालात न्हवं? ह्या मानसाला मी ओळखतो."

"कधीपासून?"

"कालधरनं. पर हात ओळखीचा हाय." त्यांनी डागाळलेला हात काउंटरवर ठेवला. "तक्रारदार चालत न्हाई असं कुटं लिवलंय, ते दावा. दावलं तर जातो."

मॅडम फॉर्म घेऊन मॅनेजरच्या काचेआड गेल्या. आत दोघांचं बोलणं झालं. मॅनेजरनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा पत्राकडं. मॅडमचा हात हवेत हलत होता आणि त्या मान डोलावत नव्हत्या, भांडत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी फॉर्म बबनरावांपुढं ठेवला. "इथं करा काका. पूर्ण नाव."

बबनरावांनी पूर्ण नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. सही करून पेनाचं टोपण लावलं आणि शाईचा पॅड नवनाथपुढं सरकवला.

पावणेतीनला फोन वाजला. कुसुमनं दुकानदाराला उधारीचे पैसे पाठवून पाहिले. गोल फिरलं. फिरलं. हिरवं झालं.

बँकेच्या पायरीवर ती बबनरावांच्या पाया पडायला वाकली. ते मागं सरकले. "नगा बाई. तुमी वाकल्या की मला बी वाकावं लागंल उठवायला. कंबर धरती माजी."

"मग जेवल्याबिगर जायचं नाही."

"साखर हाय मला. भात न्हाई चालत."

"भात कोण देतंय? पिठलं-भाकर करते."

मॅडम डबा खायला बाहेर आल्या होत्या, जेवायची वेळ टळून गेल्यावर. कुसुमनं त्यांनाही म्हटलं. त्या "नको नको" म्हणाल्या, आणि मग हळूच, "तुमच्याकडं महिन्याचा डबा किती?" खानावळीतनं गेलेल्या सहा जागांतली एक त्या दिवशी भरली.

भिवाबाबा जेवायलाच येऊन बसले. बबनराव, शौकत आणि ते एका पंगतीला. कुसुमनं चुलीसमोरूनच भिवाबाबांच्या मुलाच्या खात्यावर बँकेच्या अ‍ॅपवरनं पैसे पाठवले, पीठ लागलेल्या बोटानं, दोन टप्प्यांत, कारण एकदम जात नव्हते. पहिला टप्पा पोचल्याचा फोन मुलाचा आला तेव्हा भिवाबाबांनी घास खाली ठेवला आणि खिशातनं किल्ली काढून नवनाथच्या ताटाशेजारी ठेवली. "वरच्या दगडाला टाकी लावून खरबरीत करून घे. बोथट झालाय. आन् तोंडाला मुसकं बांधल्याबिगर बसू नगंस. माज्यासारखं करू नगंस." मग खोकले.

उन्हं कलल्यावर कुसुम आणि नवनाथ बबनरावांना फाट्यावर पोचवायला गेले. ते पंधरा हजार कोर्टातनं सुटायला महिने लागतील, असं हवालदारांनी सांगितलं होतं. बाकीचे एक लाख सत्तर हजार मिळतील की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं. बस दिसली तशी बबनरावांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"गिरनी कदी सुरू?"

"परवा. अखजीला," नवनाथ म्हणाला.

"मंग येतो. धा किलो जोंधळं हायेत घरात."

"काका, रहाटणीत गिरणी नाही का?" कुसुमनं विचारलं. "दळणासाठी एवढ्या लांब येणार तुमी?"

"हाय की. आमच्या दारातच हाय येक," बबनराव म्हणाले आणि दांड्याला धरून बसमध्ये चढले.